चोरून पाहिलेला चित्रपट चारचौघांत दाखवावा का?

प्रश्न : मुलुंडला राहणाऱ्या ४७ वर्षांच्या एक वाचक भगिनी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी करतात. गेली काही वर्षे त्या आणि त्यांचे नऊ स्नेही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात, एक चित्रपट पाहतात आणि त्यावर बोलतात. आजवर इराणी, जपानी, बंगाली असे नावाजलेले चित्रपट झाले. पुढच्या महिन्याची निवड यांच्याकडे आहे, आणि त्यांना मनापासून दाखवावासा वाटतो तो प्रौढांसाठीचा, कमी खर्चात बनलेला एखादा अमेरिकी इरॉटिक थ्रिलर, म्हणजे शृंगार आणि गुन्ह्याचा कट एकत्र गुंफणारा चित्रपट. कॉलेजात असताना रात्री उशिरा केबलवर त्या असे चित्रपट आवाज बारीक करून पाहू लागल्या, आणि ती आवड सुटली नाही. अशा चित्रपटांवरच्या नोंदींची एक वहीच त्यांच्याकडे आहे. नवऱ्याला हे ठाऊक आहे. ‘तू बघतेस त्याला माझी ना नाही, पण चारचौघांत नको,’ असे त्याचे म्हणणे. गटातच असलेल्या नणंदेने ‘आपल्याला हे शोभतं का?’ असे विचारून विषय संपवला. त्या लिहितात, ‘माझी अभिरुची खालावली आहे का? की त्या चित्रपटांत खरोखर काही आहे आणि मला ते मांडता येत नाही? एखादा सभ्य चित्रपट निवडून मोकळी होऊ का?’

उत्तर : तुमचे पत्र तीन पानांचे आहे आणि त्यात या चित्रपटांपैकी एकाचेही नाव तुम्ही घेतलेले नाही. सगळीकडे ‘तसले चित्रपट’ असेच लिहिले आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र वहीतली एक नोंद तुम्ही उतरवून पाठवली आहे : ‘घर नवऱ्याच्या आईच्या नावावर. बायको साधी सह-अर्जदारसुद्धा नाही. मग तिने दुसरे काय करायचे?’ ही नोंद मी चार-पाच वेळा वाचली, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यातच आहे असे मला वाटते. अभिरुची खालावलेले माणूस पडद्यावरची शय्या पाहताना घराच्या सात-बाराचा विचार करत नाही.

तुम्ही दिवसभर गृहकर्जाच्या टेबलावर बसता. नवरा-बायको समोरच्या दोन खुर्च्यांवर बसलेले असतात, कागद पुढे सरकतो, आणि घर कोणाच्या नावावर, हप्ता कोणाच्या पगारातून, विम्याचा वारस कोण, या तीन प्रश्नांवर दोघांपैकी एकाचा चेहरा बदलतो. मुंबईत लग्नाचे खरे वजन कळते ते अशा टेबलावर. तुम्हाला आवडणारे चित्रपट अगदी याच टेबलावरच्या गोष्टी सांगतात. त्यांतल्या प्रेमप्रकरणाच्या मुळाशी बहुतेक वेळा मृत्युपत्र असते, विम्याची पॉलिसी असते, घटस्फोटातली पोटगी असते किंवा समुद्राकाठचा बंगला असतो. हे आजचेही नाही. बिली वाइल्डरच्या १९४४ सालच्या ‘डबल इंडेम्निटी’मध्ये विमा एजंट आणि अशिलाची बायको मिळून नवऱ्याचा काटा काढतात तो पॉलिसीच्या दुप्पट रकमेसाठी. तेव्हा हॉलिवूडवर १९३४ पासून कडकपणे राबवली जाणारी आचारसंहिता होती, त्यामुळे शयनगृह दाखवता येत नव्हते. पैसा दाखवता येत होता आणि वासना सुचवावी लागत होती. ती संहिता १९६८ मध्ये गेली. १९८१ च्या ‘बॉडी हीट’मध्ये तीच कहाणी वकील, धनाढ्य नवरा आणि त्याची बायको यांच्यावर आली आणि शयनगृहाचे दार उघडले. आपल्याकडे २००३ मध्ये ‘जिस्म’ आला तेव्हा कित्येकांनी चर्चा केली ती अंगप्रदर्शनाची. पण त्या गोष्टीचा कणा पुन्हा वकील, श्रीमंत नवरा, बायको आणि वारसा हाच होता. तुम्ही पाहिलेत ते या घराण्यातले धाकटे, गरीब भाऊ. १९८७ च्या ‘फेटल अट्रॅक्शन’ने आणि पुढे १९९२ च्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ने गल्ला भरला, तसतशी चित्रपटगृहाचे तोंडही न पाहता थेट कॅसेटवर निघणाऱ्या अशा कमी खर्चाच्या चित्रपटांना व्हिडिओच्या दुकानांत भरपूर जागा झाली.

आता ‘कमी खर्च’ या शब्दाकडे येते, कारण तो तुम्ही पत्रात कमीपणाच्या अर्थाने वापरला आहे, आणि माझे मत याच्या उलट आहे. पैसे कमी म्हणजे एकच घर. मग लेखकाला त्या घराचा प्रत्येक कोपरा वापरावा लागतो : जिन्यावरून खालचे बोलणे ऐकू येते, स्वयंपाकघरातून पोहण्याचा तलाव दिसतो, कपाटातल्या एका कप्प्याला किल्ली आहे आणि ती कोणाकडे असते हे आपल्याला तिसऱ्याच प्रसंगात सांगितलेले असते. पैसे कमी म्हणजे पात्रे चार, फार तर पाच. गाड्यांचे पाठलाग नाहीत, स्फोट नाहीत, आणि म्हणून दोन माणसांनी एका खोलीत बोलत राहणे भाग असते. नव्वद मिनिटांत गोष्ट संपवावी लागते. अशा अडचणीत सापडलेला लेखक बरा असेल तर काय लिहून जातो, हे मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत फार क्वचित पाहायला मिळते.

एक गोष्ट अगदी जवळून पाहू. या चित्रपटांत खिडकीला आडव्या पट्ट्यांचे पडदे हमखास असतात आणि बाहेरच्या दिव्याचा उजेड त्यांतून गाळून भिंतीवर, चादरीवर, माणसांच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. पुष्कळ लोक याची टर उडवतात. पण कॅमेरामनच्या जागी उभे राहून पाहा. भाड्याच्या बंगल्याची भिंत कोरी आहे, तिच्यावर लावायला चित्र घेण्याइतकेही पैसे नाहीत, दिवे मोजकेच आहेत आणि रात्र संपायच्या आत प्रसंग उरकायचा आहे. खिडकीबाहेर एक दिवा उभा केला, पट्ट्या जरा कलत्या केल्या, की कोरी भिंत नाहीशी होते. तिच्या जागी अर्धे उजेडातले आणि अर्धे अंधारातले घर उभे राहते, चेहऱ्यातला फक्त डोळा किंवा फक्त ओठ दिसतो, आणि हे माणूस खरे बोलते आहे की नाही ही शंका संवादाविना आपल्यापर्यंत पोहोचते. हे शिक्षण वाया जात नाही. १९९२ च्या ‘अ‍ॅनिमल इन्स्टिंक्ट्स’ या अशाच एका व्हिडिओपटाचे छायाचित्रण वॉली फिस्टर यांचे आहे. पुढे ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इन्सेप्शन’साठी ऑस्कर मिळवणारे छायालेखक तेच.

दुसरे एक नाव तुमच्या गटात आवर्जून घ्या, कारण ते आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. जगमोहन मुंध्रा यांचा जन्म नागपूरचा. पवईच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले आणि तिकडे चित्रपटांत पडले. १९९० चा त्यांचा ‘नाइट आइज’ हा या व्हिडिओ-लाटेच्या सुरुवातीच्या, फार चाललेल्या चित्रपटांपैकी एक. घटस्फोटाच्या वादात बायकोविरुद्ध पुरावा हवा म्हणून तिच्याच घरात कॅमेरे लावले जातात, आणि सुरक्षारक्षक रात्रभर पडद्यांवर तिला पाहत बसतो. पाहता पाहता तो तिच्यात गुंततो. पुढे याच मुंध्रांनी सामूहिक बलात्काराविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या लढ्यावर ‘बवंडर’ केला, आणि इंग्लंडमध्ये नवऱ्याच्या छळाला कंटाळून त्याला जाळणाऱ्या किरणजित अहलुवालिया यांच्यावर ‘प्रोव्होक्ड’. २०११ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी बोलताना आधीचे चित्रपट पोटासाठी आणि नंतरचे मनासाठी, अशी सरळ वाटणी करणे सोपे आहे. मला ती पटत नाही. लग्नाच्या बंद दाराआड बाईवर कोणाची नजर असते आणि त्या नजरेला कोण हक्क देते, हा प्रश्न मला दोन्हीकडे एकच दिसतो. १९९० मध्ये घरभर कॅमेरे ही धनाढ्यांच्या बंगल्यातली गोष्ट होती. आज तुमच्या-माझ्या सोसायटीच्या गेटवर रखवालदारासमोर नऊ चौकटींचा पडदा आहे, आणि कोण किती वाजता कोणाबरोबर आले हे त्याला आपल्या घरच्यांपेक्षा आधी कळते. स्त्रीच्या खासगी क्षणांवर चोरून नजर ठेवणे किंवा त्यांचे चित्रण करणे हा आपल्या दंडविधानात स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१३ मध्ये. स्वस्तातल्या एका चित्रपटाने त्याच्या तेवीस वर्षे आधी ही भीती सविस्तर दाखवून ठेवली होती.

आणि या चित्रपटांत बाईला काहीतरी हवे असते. ही गोष्ट तुम्ही पत्रात अर्ध्या वाक्यात, जवळजवळ पुसट लिहिली आहे, म्हणून मी ती ठळक लिहिते. चाळिशीकडे झुकलेली, लग्नाला दहा-बारा वर्षे झालेली बाई गोष्टीच्या मध्यभागी असते, तिची इच्छा कथेला ढकलते, आणि पुरुष तिच्या मागून फरफटत येतो. त्याच काळातल्या मोठमोठ्या चित्रपटांत या वयाची बाई नायकाची बायको म्हणून दारात उभी राहून ‘लवकर या’ म्हणत होती. व्हिडिओ कॅसेटने आणखी एक सोय केली. गिरगावात आमच्या घराजवळ एक व्हिडिओ लायब्ररी होती. तिथे पुरुष काउंटरवर उभे राहून पोस्टर न्याहाळत आणि बायका वहीत बोट ठेवून नंबर सांगत. दुकानदार कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून दुधाच्या पिशवीबरोबर हातात देई आणि चकार शब्द काढत नसे. थिएटरच्या अंधारात, परक्या पुरुषांच्या गर्दीत जे कोणीही बाई पाहायला गेली नसती, ते तिला घरात, स्वतःच्या उशीला टेकून पाहता आले. केबलचा आवाज बारीक करून पाहणाऱ्या तुम्ही त्या बायकांच्याच मागून आलात.

शृंगार आणि रहस्य एकत्र आले की ते परके, बाहेरून आलेले, असे तुमच्या नणंदेला वाटत असेल तर त्यांना गाथासप्तशतीची आठवण द्या. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह स. आ. जोगळेकरांनी सटीप मराठीत आणला. त्यातल्या एका प्रसिद्ध गाथेत घरधनीण रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला दिवसाउजेडी सांगते, की सासू इथे निजते, मी इथे निजते, तू रातांधळा आहेस तेव्हा नीट पाहून ठेव, अंधारात आमच्या अंथरुणावर पडशील. दोन ओळी, एक घर, तीन माणसे, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात पुढची सगळी रात्र. संस्कृत साहित्यशास्त्राने व्यंजनेचा, म्हणजे उघड न बोलता अर्थ सुचवण्याचा नमुना म्हणून ही गाथा पिढ्यान्‌पिढ्या पुढे ठेवली. तिला कोणी ‘तसली गाथा’ म्हटले नाही.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. या प्रकारातले बहुतेक चित्रपट कंटाळवाणे आहेत, आणि ते तुमच्या वहीतही असणारच. पुष्कळांत कथा म्हणजे एका शय्याप्रसंगापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची वाट असते. स्वतःच्या इच्छेने वागलेल्या बाईला शेवटी गोळी घालून प्रेक्षकांना शांत झोपायला पाठवण्याची खोड कित्येकांना आहे. त्याहून मला खुपते ते काम करणाऱ्यांचे. अशा प्रसंगांसाठी कलाकारांची संमती नीट घेणारे, काय दाखवायचे आणि कुठे थांबायचे हे आधी ठरवून देणारे इंटिमसी कोऑर्डिनेटर हे पद अलीकडचे आहे. एचबीओने ते आपल्या सर्व मालिकांसाठी लागू केले २०१८ मध्ये. नव्वदच्या दशकातल्या घाईच्या चित्रीकरणात एखाद्या नटीला ‘आता नको’ म्हणता येत होते का, हे पडद्यावरून कळत नाही. आपल्या इथे तर सेन्सॉरला दाखवलेल्या प्रतीत भलतेच तुकडे जोडून चित्रपट चालवण्याचे प्रकार होत, आणि त्या तुकड्यांशी मूळ कलाकारांचा काही संबंधही नसे. म्हणून निवड करताना तुम्ही पडद्यावरच्या बाईकडे पाहा. ती प्रसंगात आहे की नुसती ठेवलेली आहे, हे इतके चित्रपट पाहिलेल्या तुमच्या डोळ्यांना नक्की कळेल.

आता काय करावे? सभ्य चित्रपट निवडून मोकळे होण्यात पाप नाही, पण मग तुमच्या मनातली ‘तसले’ ही गाठ तशीच राहील. ‘डबल इंडेम्निटी’ दाखवून आपला विषय आडून मांडण्याचा मार्गही आहे. तो उत्तम चित्रपट आहे, कोणी नाक मुरडणार नाही, आणि नेमका म्हणूनच तुम्हाला जे विचारायचे आहे ते विचारले जाणार नाही. मुळीच न दाखवणे हाही प्रामाणिक पर्याय आहे. आवड खासगी ठेवणे म्हणजे ती लाजिरवाणी असणे नव्हे, आणि आपली प्रत्येक आवड मित्रांपुढे सिद्ध करण्याचे कर्ज कोणी काढलेले नसते. तरीही तुम्ही मला लिहिलेत, वहीतली नोंद उतरवून पाठवलीत, यावरून तुम्हाला ते दाखवायचे आहे असे मी धरते, आणि दाखवा असेच सांगते.

मात्र कोणाला गाठून दाखवू नका. किमान आठवडाभर आधी सगळ्यांना चित्रपटाचे नाव, लांबी, तो केवळ प्रौढांसाठी आहे आणि त्यात काय स्वरूपाचे प्रसंग आहेत, हे दोन साध्या वाक्यांत कळवा, आणि ज्यांना यायचे नसेल त्यांनी कारण न देता येऊ नये हेही लिहा. ज्या घरी दहावी-बारावीतली मुले शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली असतात तिथे हा रविवार नको. एखाद्याचे घर मोकळे असेल ते पाहा. प्रत अधिकृतच घ्या, आणि ती कापलेली नाही ना हे लांबी पडताळून आधी खात्री करा, कारण या चित्रपटांत कात्री लागली की प्रसंगाबरोबर कटाचा धागाही जातो आणि गोष्ट अडाणी वाटू लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर त्यातले दृश्य किंवा पोस्टर टाकू नका. तिथून ते कुठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. निवडताना पहिला निकष हा ठेवा, की शय्याप्रसंग ठाऊक असूनही, गोष्टीसाठी तुम्ही तो दुसऱ्यांदा पाहिला होता का. स्त्रीने दिग्दर्शित केलेला हवा असेल तर कॅट शी यांचा १९९२ चा ‘पॉयझन आयव्ही’ विचारात घ्या, पण त्यातली मुलगी शाळकरी वयाची आहे आणि त्यामुळे चर्चा वेगळ्याच, जड वळणावर जाईल. पहिल्या खेपेला मी तो घेणार नाही.

नणंदेशी त्या दिवसाच्या आधी एकटीने बोला, आणि त्यांना पटवायला जाऊ नका. ‘शोभतं का’ हा प्रश्न पुष्कळदा ‘माझ्याबद्दल लोक काय म्हणतील’ असा असतो, किंवा ‘माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसून मी ते कसे पाहू’ असा. दुसरा असेल तर तो खरा अवघडलेपणा आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी तो रविवार सोडला तर मनात राग धरू नका. नवऱ्याला मात्र थेट विचारा, की हे चारजण कोण? नऊ माणसांपैकी नेमके कोणाचे डोळे त्यांना नको आहेत? कदाचित एकच नाव निघेल आणि ते नाव कळले की पुढचे ठरवणे सोपे होईल. दुसरीही शक्यता आहे. तुमची ही आवड आजवर तुम्हा दोघांतली खासगी गोष्ट होती, ती वाटली जाईल याचे त्यांना वाईट वाटत असेल. तसे असेल तर आधी तो चित्रपट दोघांनी मिळून पाहा. तुमच्या पत्रात तुम्ही दोघांनी कधी एकत्र पाहिल्याचा उल्लेख नाही.

अशाच आशयाची पत्रे मला इतरांकडूनही येतात, पुरुषांकडून अधिक, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्ये. पाहिल्याने झोप, पैसा किंवा काम यांवर परिणाम होत असेल, किंवा जोडीदाराला नको असताना त्याला शेजारी बसवले जात असेल, तर प्रश्न चित्रपटांचा राहिलेला नाही आणि त्यासाठी समुपदेशकाकडे जाणे योग्य. एरवी कपाटात लपवलेल्या डीव्हीडींबद्दल स्वतःला गुन्हेगार समजणे थांबवा.

त्या रविवारी चित्रपटाआधी भाषण करू नका. समर्थनाने सुरुवात केली की ऐकणारे न्यायाधीश होऊन बसतात. दिवे मालवण्यापूर्वी एवढेच सांगा, की या गोष्टीतले घर कोणाच्या नावावर आहे याकडे लक्ष ठेवा. मुंबईत राहणारी नऊ माणसे आहेत; त्यांतल्या प्रत्येकाने घराचे कागद एकदा तरी रात्री जागून वाचलेले असतील. चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावू नका, श्रेयनामावली पुरी जाऊ द्या, छायालेखकाचे नाव वाचा. मग वही काढा आणि मला पाठवली ती नोंद त्यांना वाचून दाखवा.